केंद्राचा साप्ताहिक साथरोग अहवाल नाशिकमध्ये कितपत उपयोगी पडतो?

दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडून देशभरातील साथउद्रेकांचा जो साप्ताहिक अहवाल संकेतस्थळावर ठेवला जातो, तो पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. तरीही नाशिकमध्ये तो नेमाने वाचणारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत. सिडको आणि सातपूर भागात डासांची उत्पत्तिस्थाने शोधणारा, रहिवासी आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांचा आमचा एक छोटा गट आहे. पाहणी कोणत्या महिन्यात करायची आणि ग्रामीण भागात जायचे तर कोणता तालुका निवडायचा, हे ठरवताना आम्ही या अहवालाचा आधार घेत आलो आहोत. त्या वापरातून माझे जे मत बनले ते असे: कुठे आणि केव्हा पाहायला जावे हे हा अहवाल चांगले सांगतो, आजार किती आहे हे त्याच्यातून काढू पाहणाऱ्याची मात्र फसगत होते.

अहवालामागची यंत्रणा समजली नाही तर त्यातील आकडे समजत नाहीत, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झाला आणि आता तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली चालतो. माहिती तीन प्रपत्रांतून येते. उपकेंद्रातील आरोग्यसेविका किंवा आरोग्यसेवक लक्षणांवरून ‘एस’ प्रपत्र भरतात, डॉक्टर तपासणीवरून संशयित निदानाचे ‘पी’ प्रपत्र भरतात आणि प्रयोगशाळेने खात्री केलेल्या रुग्णांची नोंद ‘एल’ प्रपत्रात होते. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. ५ एप्रिल २०२१ पासून ही नोंद नव्या डिजिटल मंचावर, म्हणजे आयएचआयपीवर (एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर), होऊ लागली आणि देखरेखीखालील आजारांची संख्या १८ वरून ३३ झाली. मात्र रुग्णनिहाय, नकाशावर टिपलेली माहिती अधिकृत लॉगिन असलेल्यांनाच दिसते. आपल्या हाती पडते ती या सगळ्या नोंदींतून ‘उद्रेक’ म्हणून वर आलेल्या घटनांची यादी.

या यादीतील प्रत्येक ओळ सावकाश वाचण्यासारखी असते. सुरुवातीला एक ओळखक्रमांक असतो आणि त्यात राज्य, जिल्हा, वर्ष, आठवडा आणि अनुक्रमांक गुंफलेले असतात. पुढे आजार, रुग्णसंख्या, मृत्यू, उद्रेक सुरू झाल्याची तारीख, कळवल्याची तारीख आणि सद्यःस्थिती. शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे आणि माझ्या मते अहवालाची खरी किंमत त्या रकान्यात आहे. गाव कोणते, ते कोणत्या उपकेंद्राखाली आणि कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येते, किती रक्तजल किंवा शौचाचे नमुने घेतले आणि त्यांतले किती दूषित, म्हणजे पॉझिटिव्ह, निघाले, पाण्याचे नमुने पिण्यास योग्य होते का, घरोघरी सर्वेक्षण झाले का, एवढे त्या चार-पाच ओळींत सापडते. अर्थात सापडेलच असे नाही. काही शेरे इतके साचेबद्ध असतात की ‘आरोग्य शिक्षण देण्यात आले’ याखेरीज हाती काही लागत नाही.

उद्रेक सुरू झाल्याची तारीख आणि कळवल्याची तारीख यांतील अंतर मी नेहमी आधी पाहतो. हे अंतर दोन दिवसांचे असेल तर त्या भागातील आरोग्यसेविका जागी आहे असे समजावे. दोन आठवड्यांचे असेल तर पहिले रुग्ण कुठे गेले, त्यांना कोणी तपासले, असे प्रश्न पडायला हवेत. अहवालाच्या अखेरीस ‘मागील आठवड्यांतील, उशिरा कळवलेले उद्रेक’ असा एक वेगळा तक्ता असतो. तो वगळून आठवड्यांची बेरीज करणाऱ्याचे गणित चुकते, आणि घाईत वाचणारे बहुतेक जण तो वगळतात. शिवाय अहवालच संकेतस्थळावर येण्यास पुष्कळदा कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे आज आपल्या गल्लीत काय चालले आहे हे जाणून घेण्यासाठी तो उघडणे व्यर्थ आहे. मागच्या काही वर्षांचे अहवाल एकत्र लावून ऋतूंचा क्रम पाहणे, हा त्याचा योग्य उपयोग.

दुसरी मोठी अडचण जिल्हा या एककाची आहे. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, नाशिक आणि मालेगाव अशा दोन महानगरपालिका आणि देवळालीची छावणी येते. सुरगाण्याच्या पाड्यावरील अतिसार आणि मालेगावच्या दाट वस्तीतील गोवर हे दोन्ही यादीत ‘नाशिक’ या एकाच नावाखाली बसतात. २०२२ च्या अखेरीस राज्यात गोवराची साथ आली तेव्हा मुंबई आणि भिवंडीच्या जोडीला मालेगावचे नाव पुढे आले होते. त्या काळातील केवळ जिल्ह्याचा आकडा पाहून कोणी पंचवटीत लसीकरणाची मोहीम आखली असती, तर तिचा मेळ साथीशी बसला नसता. शेरा वाचल्याशिवाय जिल्ह्याच्या आकड्यावर बोट ठेवू नये, असे आम्ही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच बैठकीत सांगतो.

शहरापुरते बोलायचे तर अहवाल सर्वांत अपुरा पडतो तो डेंग्यूच्या बाबतीत. राष्ट्रीय निकषांनुसार एलायझा या प्रयोगशाळेतील पद्धतीने एनएस१ (विषाणूचे प्रथिन) किंवा आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) चाचणी दूषित आली तरच रुग्ण ‘खात्रीचा’ धरला जातो. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम अशी चाचणीची विभागणी आहे. ही चाचणी ठरवून दिलेल्या, म्हणजे सेंटिनल, प्रयोगशाळांत होते आणि तिच्या आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडून येतात. आता शहरातील व्यवहार पाहा. ताप आला की माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, डॉक्टर शेजारच्या खासगी प्रयोगशाळेत पाठवतात, तेथे पट्टीवरची झटपट चाचणी होते आणि कागदावर ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ असे लिहून येते. घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि सोसायटीच्या लेखी तो डेंग्यूचा रुग्ण ठरतो; शासनाच्या लेखी तो फार तर संशयित असतो, आणि खासगी दवाखान्याने कळवलेच नाही तर तोही नसतो. दरवर्षी पावसाळ्यात ‘महापालिका आकडे लपवते’ असा आरोप होतो. लपवाछपवी कुठे होत असेल तर तिची चौकशी जरूर व्हावी. परंतु दोन आकड्यांतील तफावतीचा मोठा भाग या व्याख्येतूनच येतो, हे आरोप करणाऱ्यांनी आणि उत्तर देणाऱ्यांनीही नीट सांगितले पाहिजे. चाचण्या किती झाल्या हा आकडा दूषित नमुन्यांच्या शेजारी छापला असता तरी निम्मा वाद मिटला असता. किट संपल्या किंवा नमुने कमी पाठवले गेले तरी आलेख खाली येतो, आणि साथ ओसरल्यावरही तो खालीच येतो. चाचण्यांची संख्या दिसत नसेल तर या दोहोंत फरक करता येत नाही.

मग प्रतिबंधासाठी या माहितीचा उपयोग काय? उपयोग आहे, फक्त तो रुग्णाच्या मागे धावण्यात नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्या डासाने बाधित माणसाचे रक्त शोषल्यावर त्याच्या शरीरात विषाणू वाढून तो दुसऱ्याला संसर्ग देण्याजोगा होण्यास आठ ते बारा दिवस जातात. तो चावल्यावर लक्षणे दिसण्यास चार ते दहा दिवस. म्हणजे आज ताप आलेल्या रुग्णाला कारण ठरलेले भांडे किमान सुमारे तीन आठवड्यांपूर्वी आणि कधी महिन्याहूनही आधी भरलेले होते. त्यावर चाचणी, नोंद आणि प्रसिद्धी यांचा काळ वाढवला तर अहवालातील आकडा हा गेलेल्या दिवसांचा हिशेब आहे, हे स्पष्ट होते. आमच्याकडे रुग्ण जुलैपासून वाढतात आणि दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात. ज्याला जुलैची वाढ थोपवायची आहे त्याने भांडी पाहायला जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर पडले पाहिजे, आणि अनेक वर्षांचे अहवाल आपल्याला नेमके हेच सांगतात. धूरफवारणीचे यंत्र गल्लीत आले की काम झाल्यासारखे वाटते, छायाचित्रेही त्याचीच निघतात. पण धुराने उडते डास काही काळापुरते मरतात, पिंपातल्या अळ्यांना त्याने काहीही होत नाही.

अहवालाने महिना सुचवला की पुढचे काम पायी करावे लागते. सिडकोतील जुन्या योजनांतील घरे लहान, भिंतीला भिंत लागून असलेली, आणि बहुतेकांच्या मोरीत किंवा मागच्या अंगणात निळे प्लास्टिकचे पिंप ठरलेले. शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असल्याची बातमी आली की शुक्रवारी घरातील हंडे, बादल्या, कळशा सगळे भरून ठेवले जाते आणि त्यातील काही भांडी पुढचे कित्येक दिवस रिकामी होत नाहीत. पिंपाचे झाकण काढून विजेरीचा झोत पाण्यावर तिरपा धरला की अळ्या वळवळत तळाकडे जातात. झोत सरळ धरला तर पाण्यावरच्या चकाकीत त्या दिसतही नाहीत. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कूलरची टाकी आणि गच्चीवर फेकलेले टायर या जागा सर्वांना माहीत झाल्या आहेत. तुलनेने कमी पाहिले जाते ते बांधकामावरील लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी. एडिसची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने टिकतात, म्हणून ‘कोरडा दिवस’, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळताना भांडे नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. ही एक गोष्ट घरोघरी पटवण्यात आमचा सर्वाधिक वेळ जातो.

या पाहणीतून तीन निर्देशांक निघतात. समजा १०० घरे पाहिली, त्यांतील १२ घरांत अळ्या सापडल्या, आणि एकूण ४०० भांड्यांपैकी १८ भांडी दूषित निघाली, तर घर निर्देशांक १२, भांडी निर्देशांक ४.५ आणि ब्रेटो निर्देशांक, म्हणजे दर १०० घरांमागे दूषित भांडी, १८ येतो. महापालिकेचा मलेरिया विभागही हेच निर्देशांक काढतो. साप्ताहिक अहवालात ते क्वचितच एखाद्या शेऱ्यात येतात. रुग्णांच्या आकड्याला हे निर्देशांक जोडले गेले असते, तर नागरिकांना तीन आठवडे आधी सूचना मिळाली असती. माझी या सेवेविषयीची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

ग्रामीण भागात मात्र हाच अहवाल पुष्कळ सरस ठरतो, आणि हे मला सुरुवातीला अपेक्षित नव्हते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगरी तालुक्यांत खासगी दवाखाने विरळ आहेत, आशा आणि आरोग्यसेविका पाड्यापर्यंत पोहोचतात, आणि एका पाड्यावर एकाच दिवशी दहा माणसांना जुलाब लागले तर ते लपून राहत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी विहिरीचा तळ दिसू लागतो, पहिल्या पावसाचे पाणी उतारावरची घाण घेऊन त्याच विहिरीत उतरते, आणि जूनच्या उत्तरार्धात गॅस्ट्रोच्या ओळी यादीत दिसू लागतात. या ओळींच्या शेजारी ठेवण्यासाठी महाराष्ट्रात एक चांगली गोष्ट आधीपासून आहे: पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. उद्रेकाच्या शेऱ्यातील गावाचे नाव आणि त्या ग्रामपंचायतीच्या कार्डाचा रंग एकत्र पाहिले की चौकशीला दिशा मिळते. कार्ड हिरवे आणि तरीही उद्रेक झाला असेल, तर सर्वेक्षण कागदावर झाले की नळाच्या टोकाला क्लोरीन पोहोचत नाही, हे पाहावे लागते. नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढे उर्वरित क्लोरीन असावे लागते. क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळसर झाले नाही तर जलसुरक्षकाकडील (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याकडील) टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर किती जुनी आहे आणि पोते उघडे पडले होते का, हा पहिला प्रश्न. उघड्यावर राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जाते.

संशोधनासाठी हा अहवाल वापरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली छेदाची, म्हणजे ज्याने भागायचे त्या संख्येची. रुग्णसंख्येवरून दर काढायचा तर लोकसंख्या लागते, आणि आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची आहे. तेव्हा नाशिक शहर सुमारे १४ लाख ८६ हजारांचे आणि जिल्हा सुमारे ६१ लाखांचा होता. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव या बाजूंना त्यानंतर किती वस्ती उभी राहिली हे नाशिककराला सांगायला नको. जुन्या छेदावर काढलेला दर आजार वाढल्याचा भास निर्माण करतो. दुसरी गोष्ट अशी की उद्रेकांची यादी म्हणजे आजाराचे प्रमाण नव्हे. क्षयरोगाचा अभ्यास असेल तर निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी प्रणालीकडे वळावे, कारण २०१२ पासून क्षयरुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. कुपोषण किंवा लसीकरण असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीचे जिल्हा तथ्यपत्रक पाहावे. ही साधने वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ करून काढलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

गावपातळीवर लोकांनीच नोंद ठेवली तर काय होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. जन्म आणि मृत्यू यांची स्वतंत्र, घरोघर जाऊन केलेली नोंद हा त्या कामाचा पाया होता. आमच्यासारख्या गटाची झेप तेवढी नाही. पण नोंद ज्यांची आहे त्यांनाच ती परत दाखवावी, हा धडा आम्ही तेथूनच घेतला. पाहणीनंतर गल्लीचा तक्ता गल्लीतच वाचून दाखवतो, मात्र घरक्रमांक वगळून. साप्ताहिक अहवालात गावाचे नाव असते आणि पाडा लहान असला तर ‘दोन रुग्ण, एक मृत्यू’ एवढ्यावरूनही घर ओळखू येते, तेव्हा त्या ओळी समाजमाध्यमावर जशाच्या तशा फिरवू नयेत.

कोविडच्या काळात जिल्ह्याची आकडेवारी रोज प्रसिद्ध होत होती. नाशिक मनपा, मालेगाव मनपा, जिल्हाबाह्य आणि ग्रामीण भागातील तालुके, नाशिकपासून चांदवड, सिन्नर, दिंडोरी, निफाड, येवल्यापर्यंत, सगळे स्वतंत्र. म्हणजे तालुकानिहाय आकडे वेळेवर देणे येथील यंत्रणेला जमते, हे सिद्ध झालेले आहे. डेंग्यू, गॅस्ट्रो आणि काविळीसाठी तसे साप्ताहिक पत्रक, शहरात पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिक रोड, पूर्व आणि पश्चिम या सहा विभागांनुसार, सुरू करण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही. सिंहस्थ तोंडावर आहे. २०१५ प्रमाणेच २०२७ मध्येही मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे डेंग्यू आणि जुलाब या दोहोंच्या हंगामात येत आहेत. रामकुंड आणि तपोवनाच्या परिसरात एखाद्या आठवड्यात तापाचे अमुक इतके रुग्ण आले, तर ते नेहमीपेक्षा जास्त की तेवढेच, हे ठरवायला आधीच्या वर्षांतील त्याच आठवड्याचा विभागनिहाय आकडा हाताशी लागेल. तो पर्वणीच्या दिवशी तयार करता येत नाही.

वापराच्या सोयीविषयी थोडक्यात सांगायचे तर अहवाल इंग्रजीत आहे, पीडीएफमध्ये आहे, आणि त्यातील तक्ते गणनपत्रकात उतरवताना ओळी तुटतात. विद्यार्थ्यांना बरेचसे हाताने उतरवून घ्यावे लागते. मराठी आवृत्ती असती तर ग्रामपंचायतीच्या बैठकीत तो थेट वाचता आला असता. ग्रामीण पाणीजन्य आजारांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, शहरी डेंग्यूसाठी दोन, आणि आजाराचे प्रमाण मोजण्यासाठी गुण देणारच नाही, कारण ते तिचे काम नव्हे. ज्यांना विभागनिहाय तपशील हवा आहे त्यांनी माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘डेंग्यूची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिण्याऐवजी वर्ष, आठवडा क्रमांक, विभाग, तपासलेले रक्तजल नमुने, एलायझा दूषित नमुने आणि त्या आठवड्यातील घर निर्देशांक असे रकाने आखूनच द्यावेत.